सणासुदीचे दिवस आणि घरचे मांजर

श्रावणापासून कार्तिकापर्यंत आमच्या पंचांगाने प्राणिमात्रांना जी मानाची पाने वाढून ठेवली आहेत, त्यांत नागाला पंचमी मिळाली, बैलाला पोळा मिळाला, गाय-वासराला वसुबारस मिळाली, गणपतीच्या पायाशी बसून उंदरानेही आपला मोदक पदरात पाडून घेतला, आणि तिकडे नेपाळात तर दिवाळीच्या दिवसांत कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ पडते. परंतु कणगीतल्या धान्याची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या मांजराच्या नावे आमच्याकडे एकही तिथी कोणी लावून दिलेली नाही. षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे हे खरे, आणि हीच षष्ठी आपल्याकडे सटवाई होऊन बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहावयास येते हेही खरे. पण ती येते त्या रात्री घरातल्या कोणाचेच लक्ष तिच्या वाहनाकडे नसते.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील सदनिकांतून राहणाऱ्या मंडळींनी ही उणीव अलीकडे आपल्या परीने भरून काढण्याचे मनावर घेतलेले दिसते. पूर्वी चाळीच्या गॅलरीतून येऊन-जाऊन असणारे, कोणाच्याही मालकीचे नसलेले आणि म्हणून सर्वांच्याच घरी हक्काने जेवणारे मांजर आता बाराव्या मजल्यावर कायमचे मुक्कामाला आले आहे. त्याला नाव आहे, लसीकरणाचे दफ्तर आहे आणि दिवाळीच्या खरेदीच्या यादीत त्याच्या नावे एक स्वतंत्र कलमही आहे. पाडव्याला त्याला ओवाळतात, गळ्यात घुंगरू बांधतात, कोणी जरीकाठाचा अंगरखा चढवून त्याचे छायाचित्र काढतात, आणि "आमची मनी शंकरपाळा खाते हो!" असे कौतुकाने पाहुण्यांना सांगतात. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र उत्सव म्हणजे नित्यक्रमाचा भंग, त्यातच माणसाचा आनंद. आणि मांजराचे सुख तर सर्वस्वी नित्यक्रमाच्या अखंडतेत. म्हणून सणाच्या दिवसांत त्याचे लाड करायचे तर त्याला आपल्या उत्सवात ओढण्यापेक्षा त्या उत्सवापासून त्याचा यथास्थित बचाव करणे हाच लाडांचा मुख्य भाग ठरतो.

याचे कारण त्याच्या कुळवृत्तान्तात आहे. पाळीव मांजराचे मूळ शोधू जाता आपण पश्चिम आशियातील पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांच्या धान्यकोठारांपाशी जाऊन पोचतो, जेथे उंदरांच्या मागावर आलेले रानमांजर माणसाच्या सोबतीला आपण होऊन राहिले; सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या सहवासाचे वय आपण समजत होतो त्याहून पुष्कळच जास्त असल्याचे दिसून आले. परंतु या दीर्घ सहवासातही त्याने आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही. त्याचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा, एका ठरावीक मुलखावर आपला अंमल राखून राहणारा प्राणी होता. कळपाचा आधार त्याला नव्हता, आणि मुलखाची खडान्‌खडा माहिती हेच त्याचे संरक्षण होते. आजही दोन खोल्यांच्या घरात कोणत्या खिडकीत सकाळचे ऊन येते, कोणत्या कपाटावरून दारात येणारा दिसतो, जेवणाची ताटली कोठे आणि मातीचे घमेले कोठे, याची त्याच्यापाशी पक्की नोंद असते, आणि या सर्व जागांवर त्याची जी वहिवाट पडलेली असते ती मोडणे म्हणजे त्याच्या लेखी जप्तीच आणणे होय.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत फार उद्‌बोधक आहे. मूत्राशयाच्या जुनाट विकाराने पीडित अशी काही आणि निरोगी अशी काही मांजरे त्यांनी दीर्घकाळ निरीक्षणाखाली ठेवली. जेवणाची वेळ चुकली, नेहमीचा माणूस बदलला, असे क्षुल्लक वाटणारे फेरफार ज्या आठवड्यांत घडले, त्या आठवड्यांत ओकारी होणे, अन्नावरची वासना उडणे, घमेल्याबाहेर घाण करणे इत्यादी आजाराची लक्षणे उद्‌भवण्याचा धोका तिपटीहून अधिक वाढला. आणि विशेष हे की, निरोगी मांजरेही यातून सुटली नाहीत. दिवाळीनंतर पशुवैद्याच्या दारी "काय झाले कळत नाही, खात नाही" अशी तक्रार घेऊन बसलेल्या मंडळींनी मिठाईच्या पेटीइतकाच संशय घरातल्या मुक्कामी पाहुण्यांवरही घ्यावयास हरकत नाही.

उत्सवाची पहिली चाहूल मांजराला लागते ती कंदिलाने किंवा फटाक्याने नव्हे, तर साफसफाईने. मांजर खुर्चीच्या पायाला, दाराच्या चौकटीला, आपल्या पोटरीला गाल घासते, ते केवळ लडिवाळपणाने नव्हे. गालांतील ग्रंथींचा आपल्याला न जाणवणारा गंध तेथे उमटवून ते आपल्या मुलखाच्या हद्दी कायम करीत असते. नवरात्र संपते न संपते तोच घरोघरी पडदे उतरतात, गाद्या उन्हात जातात, भिंतींना रंगाचा हात बसतो आणि फरशीवर फिनेल फिरते. गृहिणीला घर लखलखीत दिसते, पण मांजराच्या दृष्टीने एका दिवसात त्याचे सगळे दफ्तर जळून खाक झालेले असते. म्हणून त्याची एखादी गोधडी, एखादी टोपली आणि नखे घासण्याचे फळकूट मुद्दाम न धुता ठेवावे, सफाई एकेका खोलीची करावी, आणि त्या वेळी मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे. फिनेलविषयी तर वेगळेच सांगायला हवे. फिनॉल आणि त्याच्या जातीची द्रव्ये शरीरातून निकामी करून बाहेर टाकण्याचे काम माणसाच्या यकृतातील ज्या विकराकडे असते, त्याची जनुकीय तरतूद मार्जारकुळात मोडीत निघालेली आहे; त्यामुळे ओल्या फरशीवरून चाललेले मांजर मागाहून पंजे चाटते, तेव्हा आपल्याला निरुपद्रवी वाटणारे द्रव्य त्याच्या पोटात विष होऊन उतरू शकते. माणसाची तापावरची पॅरासिटामोलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, तीही मुख्यतः याच उणिवेमुळे. कपड्यांतल्या डांबरगोळ्या आणि आरतीचा कापूर हेही त्याच्या आवाक्याबाहेर असावेत.

आता आवाजाविषयी. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. मांजराच्या श्रवणाची मर्यादा सुमारे ८५ हजार कंपनांपर्यंत जाते, कारण उंदरांची आपल्याला ऐकू न येणारी चिवचिव ऐकणे हा त्याचा पोटापाण्याचा प्रश्न होता. असा कान घेऊन जो प्राणी ठाण्याच्या एखाद्या गृहसंकुलात दोन इमारतींच्या मधल्या बोळात लावलेली माळ ऐकतो, त्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. कायद्याने फटाक्याच्या आवाजाला, तो फुटतो तेथून चार मीटर अंतरावर, १२५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढ्याच दोन तासांची मुभा दिली. परंतु नरकचतुर्दशीला पहाटे पहिला बार कोणाचा, या चुरशीपुढे न्यायालयाच्या हुकमाचा मुलाहिजा किती राखला जातो हे आपण सर्वजण जाणतो. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि दहीहंडीच्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांचा घुमारा यांचीही गत तीच. शेजाऱ्याला फटाके उडवू नका म्हणून सांगणे आपल्या हाती असते, ऐकणे त्याच्या हाती असते. मात्र घरातला बंदोबस्त सर्वस्वी आपल्या ताब्यात आहे.

हा बंदोबस्त फारसा खर्चाचा नाही. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले की, निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपावयास एकेक खोके दिले ती खोके नसलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर स्थिरावली. म्हणजे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दिवाळीचा मिक्सर घरी आला, ते खोके मांजराच्या दृष्टीने मिक्सरपेक्षा मौल्यवान असते. रस्त्यापासून सर्वांत दूरची खोली पाहून, तेथे असे एक खोके आडवे ठेवून त्यात नेहमीची गोधडी घालावी, खिडक्या लावून पडदे ओढावेत, पंखा चालू ठेवावा, पाणी आणि घमेले जवळच असावे. आणि एकदा मांजर आत शिरले की त्याला "अगं ये बाहेर, काही होत नाही" म्हणून ओढून काढू नये. लपणे हाच त्याचा उपाय आहे. ते स्वतः होऊन मांडीवर आले तर जरूर घ्यावे. पण भेदरलेल्या मांजराला बळाने कुशीत दाबून धरण्यात प्रेम कितीही असले तरी त्याला त्यातून फक्त पकडले गेल्याची जाणीव होते.

लाडांचा सर्वांत मोठा भाग अर्थातच खाण्यापिण्याचा, आणि येथे आपल्या आणि त्याच्या रुचीत आकाशपाताळाचे अंतर आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाचे ज्ञान करून देणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्या कुळात कधीकाळी निकामी झाले, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली सिद्ध केले. मग मनी शंकरपाळा खाते तो कशासाठी? साखरेसाठी नव्हे, तर मोहनातल्या तुपासाठी. चकलीजवळ घुटमळते तीही तळणीच्या वासाने. करंजीतले बेदाणे आणि पेढ्यांच्या जोडीला आलेले चॉकलेट तर तिच्यापासून दूरच ठेवलेले बरे, कारण चॉकलेटमधील थिओब्रोमाइन तिला बाधते. चिवड्यातला तळलेला लसूण आणि पाहुण्यांच्या रश्श्यातला कांदा हे याहून घातक. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मटणाचा तुकडा पाण्याने धुऊन दिला तरी मसाल्यातला त्यात मुरलेला अंश जात नाही. चार किलोंच्या मांजराला दिवसाकाठी सुमारे दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात, हे ध्यानी घेतले म्हणजे आपला एक घास ही त्याची अर्धी पंगत होते हे लक्षात येईल. दुधाची तर गोष्टच निराळी. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या म्हणींत अजरामर झाले असले तरी प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली शर्करा पचत नाही, आणि कोजागरीच्या आटीव दुधाची वाटी चाटून पुसून साफ करणाऱ्या मांजराचा दुसरा दिवस बहुधा घमेल्यापाशीच जातो.

याच्या उलट टोकाची चूक श्रावणात होते. घरात महिनाभर मासळी-मटण वर्ज्य असते, ठाण्या-कल्याणात गटारीला शेवटचा हात मारून लोक जे थांबतात ते काही घरांत थेट गणपती जाईपर्यंत थांबतात, आणि काही सात्त्विक मंडळी मांजरालाही आपल्या पुण्यात वाटेकरी करून दूधभात, दहीभातावर ठेवतात. हे पुण्य मांजराच्या जिवावर उठते. मांजर हा निखालस मांसाशनावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य आपले शरीर स्वतः बनवू शकते ते मांजर पुरेसे बनवू शकत नाही, आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजत जाते हे १९७५ साली उघड झाले आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात हे १९८७ साली. गाजरातले पीत द्रव्य अ जीवनसत्त्वात बदलण्याची सोयही त्याच्यापाशी नाही. तेव्हा चातुर्मासाचे व्रत माणसांनी खुशाल पाळावे, मांजराचे अन्न मात्र बाराही महिने एकाच दस्तुराने चालावे. ज्यांना स्वयंपाकघरात मासळी शिजवणे प्रशस्त वाटत नसेल त्यांनी त्या मुदतीत चांगल्या प्रतीचे तयार मांजरखाद्य द्यावे. त्यात टॉरिन घातलेले असते.

खरा सणाचा घास द्यायचा तर तो मासळीचाच. मांजराची मांसरसाची चव ट्यूनासारख्या, म्हणजे आपल्या कुप्यासारख्या, माशातील द्रव्यांच्या संयोगाला विशेष प्रतिसाद देते असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, आणि कोळणीच्या पाटीभोवती पिढ्यान्‌पिढ्या घोटाळणाऱ्या मांजरांना याची खातरजमा शास्त्रज्ञांकडून करून घेण्याची गरज नव्हती. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची मुदत संपून नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी बाजारात येऊ लागते. बांगड्याचा किंवा करंदीचा लहानसा भाग मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे निगुतीने काढून, नेहमीच्या जेवणात मिसळून द्यावा. कच्ची मासळी रोज देऊ नये, कारण काही माशांतील विकर ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि सुके बोंबील, सुका जवळा त्यांतल्या मिठामुळे टाळावा. ज्या घराण्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात तेथील मांजरांना अर्थात त्या दिवशी कोणाच्या लेखाची वाट पाहावी लागत नाही.

गणपतीच्या पूजेतली दूर्वांची जुडी ही मात्र मांजराला मनापासून आवडणारी भेट आहे. गवत कुरतडणे ही त्याची उपजत सवय. पोटातले जंत बाहेर टाकण्यासाठी त्याच्या पूर्वजांना तिचा उपयोग होत असावा, असे काही अभ्यासक मानतात. परंतु पत्रीच्या त्याच परडीत धोतरा, कण्हेर आणि रुई हीही असतात, आणि गौरीच्या सजावटीतली तांबडी-पिवळी अग्निशिखा, जिला आपण कळलावी म्हणतो, ती तर नखशिखान्त विषारी. तेव्हा परडी उंच ठेवावी आणि स्वच्छ धुतलेल्या चार दूर्वा तेवढ्या वेगळ्या काढून द्याव्यात. दिवाळीच्या भेटीत येणाऱ्या पुष्पगुच्छांतली लिली तर घरात आणूच नये. तिचे पान, पाकळी, परागकण, किंबहुना फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी करते. या विषवल्लींच्या मेळाव्यात एक वनस्पती मांजराच्या बाजूची आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीकडेला उगवणारी, तण म्हणून उपटून फेकली जाणारी खोकली ही ती. तिच्या मुळाच्या गंधाने पुष्कळ मांजरे तल्लीन होऊन लोळू लागतात, परदेशी दुकानांतून कॅटनिप नावाची जी वाळलेली पाने विकतात त्यांचा परिणाम होतो तसाच. मूळ धुऊन, फडक्यात बांधून, थोडा वेळ हुंगायला द्यावे. खाऊ घालू नये. हौशी लोक याच कामासाठी शेकड्याने रुपये मोजतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

अभ्यंगस्नानाचा मोह आवरावा. मांजराच्या जिभेवरचे काटे हीच त्याची फणी आणि तेच त्याचे उटणे. तेल-उटणे अंगाला लावले तर ते चाटून पोटात जाणार. फार तर ऑक्टोबरच्या उकाड्यात लांब केसांच्या पर्शियन मांजराला रोज मऊ ब्रशने विंचरावे, म्हणजे पोटात केसांचे गोळे होत नाहीत. कंदिलाच्या झिरमिळ्या, तोरणांची सुतळी, भेटवस्तूंच्या चकचकीत फिती यांच्याशी त्याने आपल्यासमोर खेळावे आणि खेळ संपताच त्या उचलाव्यात. गिळलेली दोरी आतड्यात गुंतली म्हणजे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. याच कंदिलासाठी खिडकीची जाळी सोडवतात आणि मग चार दिवस ती तशीच अर्धवट लोंबत राहते. मांजर पडले तरी पायांवरच पडते, या समजुतीवर येथे विसंबू नये. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा जो वृत्तान्त १९८७ साली प्रसिद्ध झाला त्यात उपचारांनंतर बहुतेक वाचली खरी, पण छातीला इजा झाल्यावाचून वाचलेली फार थोडी. दाराचेही तेच. दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीची तरुण मंडळी फडके रोडकडे आणि ठाण्याची तलावपाळीकडे निघतात, त्या गडबडीत उघडझाप होणाऱ्या दारातून घाबरलेले मांजर नेमके निसटते. म्हणून निघण्यापूर्वी ते कोठे आहे हे पाहून आतल्या खोलीचे दार लावून घेण्याचा जाबता घरात असावा.

राहता राहिला गावी जाण्याचा प्रश्न. गणपतीला घरदार बंद करून दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीत बसणाऱ्यांनी मांजराला बरोबर नेण्याची तजवीज सहसा करू नये. अनोळखी वाडीत सुटलेले मांजर परत सापडेलच असे नाही. माणसांच्या ओढीने कुत्रे कोठेही रमेल, मांजराला मात्र स्वतःच्या घरात राहणेच मानवते, म्हणून शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन दिवसातून दोन वेळा येण्याची कबुली घ्यावी, आणि जाण्यापूर्वी आठवडाभर त्यांच्याच हातून एकेक जेवण द्यावे. पाणी दोन ठिकाणी ठेवावे. काकूंना दोन खुणा निक्षून सांगाव्यात: बोका वारंवार घमेल्यात बसतो पण लघवी होत नाही, तर ती त्याच दिवशी वैद्याकडे धाव घेण्याची वेळ आहे, कारण मूत्रमार्ग अडला म्हणजे एक-दोन दिवसांत जिवावर बेतते, आणि लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडते, तेव्हा "भूक लागली की खाईल" म्हणून वाट पाहू नये. सणात जवळचे दवाखाने बंद असण्याचा संभव असल्याने कोणता चालू आहे याची चौकशी आधीच करून पत्ता कागदावर लिहून द्यावा. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ सालापासून मुंबई इलाख्याच्या मुक्या जनावरांचा आधार आहे, पण कल्याणहून तेथे पोचण्याचा वेळ हिशेबात धरावा.

गावाहून परतल्यावर मांजर पाठ फिरवून बसले तर मनाला लावून घेऊ नये. सामान, कपडे, अंगाला आलेला नवा वास, सगळेच त्याला पुन्हा तपासून घ्यायचे असते. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांच्या २०२० सालच्या प्रयोगांत असे दिसले की, माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटून उघडले, तर मांजरही तसेच करते आणि अनोळखी माणसाजवळसुद्धा अधिक सहज येते. तेव्हा जमिनीवर थोडे अंतर राखून बसावे, हात पुढे न करता तेवढे करून पाहावे, आणि त्या संध्याकाळी मोदकाचे, मासळीचे काहीही नवे न देता काकूंनी दिले तेच अन्न, त्याच ताटलीत, ठरल्या वेळी द्यावे.